शाळेच्या कपाटात आतून कोरलेली कंपोझिट बॅट निघाली. याने खरंच फरक पडतो का, आणि आता काय करू?

चुन्याची_रेघ · रविवार, रात्री ९.५०

मंडळी, आठवडा झाला हे मनात घेऊन फिरतोय. घरी सांगितलं, शाळेत अजून नाही. इथे सॉफ्टबॉल खेळलेले, खेळवलेले बरेच जण आहेत म्हणून आधी इथे मांडतो.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक आहे. पंधराएक वर्षं मुलींना सॉफ्टबॉल शिकवतोय. शाळेकडे ॲल्युमिनियमच्या चार बॅटी, त्यातल्या दोन पोचे पडलेल्या. दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थिनींनी वर्गणी काढली, म्हणाल्या, सर, पोरींना एक तरी कंपोझिट, म्हणजे कार्बन फायबरची पोकळ बॅट घेऊन द्या. नवीचा भाव पंचवीस-तीस हजारांच्या पुढे, वर्गणी जमली नऊ हजार. शेवटी ओळखीच्या ओळखीतून परराज्यातल्या एका खेळाडूची वापरलेली बॅट घेतली. ३३ इंच, २३ औंस. पोरी तिला 'काळी' म्हणतात. पहिल्या दिवसापासून काळीवरून चेंडू असा निघायचा की मी स्वतः थक्क व्हायचो. मला वाटायचं कंपोझिट म्हणजे असंच असणार. आधी कधी हातात घेतली असती तर कळलं असतं.

मागच्या सोमवारी सकाळी सराव चालू होता. थंडीत कंपोझिट तडकते म्हणून मी ऊन चढल्याशिवाय काळी बाहेर काढत नाही. साडेनऊला काढली. सातव्या-आठव्या फटक्याला टोकाची टोपी उडाली आणि पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या, पुढ्यात जाऊन पडली. बॅट उचलून मोबाईलच्या उजेडात आत पाहिलं. आतल्या भिंतीवर गोल गोल चरे होते, एकाच्या शेजारी एक, पाट्यावर टाकी मारल्यासारखे. बोट फिरवलं तर काजळीसारखी भुकटी लागली आणि संध्याकाळपर्यंत बोट खाजत राहिलं. टोपीच्या पोटात पिवळट गोंदाचा गोळा ओतलेला होता, कारखान्यातून येतो तसा नाही, हाताने ओतलेला, एका बाजूला कललेला.

सोनाराकडे नेऊन काट्यावर टोपीसकट वजन केलं. बॅटवर लिहिलंय त्याच्या आसपासच भरलं! म्हणजे जेवढं आतून काढलं तेवढं टोकाला भरलंय. काट्यावर पकडलीच गेली नसती.

आता खरं दुखणं. एक, जिल्ह्याचा अंतिम सामना आम्ही ४-३ ने जिंकलो, आणि शेवटच्या दोन धावा काळीच्या होमरनच्या, म्हणजे एकाच फटक्यावर सगळे बेस पळून घरी परतण्याच्या. दोन, त्या सामन्यानंतर सरावात आमच्याच मुलीने मारलेला सरळ चेंडू आमच्याच पिचरच्या हातावर बसला. नववीतली पोर. तोंडासमोर हात आला म्हणून मनगटावर निभावलं. अजून प्लास्टर आहे. तिच्या वडिलांना मी सांगितलं होतं, खेळात होतं असं कधीकधी.

मला विचारायचंय ते असं, की आतून भिंत पातळ केल्याने खरंच एवढा फरक पडतो, की माझ्या मनाचे खेळ आहेत? आणि जिंकलेल्या सामन्याचं काय करू?

---

लेथवाला_एमआयडीसी · रविवार, रात्री १०.२०

सर, तुम्ही वर्णन केलं ते चरे बोरिंगचेच, म्हणजे लेथवर नळी आतून कोरल्याचेच. टोपी हीट गनने गरम करून ढिली करतात, बॅट लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत धरतात, टोकाला हत्यार लावलेला लांब बार आत घालतात आणि भिंत आतून खरवडून घेतात. मग टोपी परत चिकटवायची. बाहेरून रंग, शिक्का, स्टिकर जसंच्या तसं.

माझ्याकडे मागच्या साली एक पोरगा अशीच बॅट घेऊन आला होता. म्हणे काका, आतून अर्धा सूत घ्या. मी विचारलं कशाला, तर म्हणे हलकी करायची आहे. मी नाही म्हणालो. तेव्हा खेळाचा नियम मला माहीत नव्हता, मी नाही म्हणालो मालाकडे बघून. कार्बन फायबर म्हणजे रेझिनमध्ये, घट्ट होणाऱ्या डिंकासारख्या मालात, बसवलेल्या धाग्यांचे थर. थरांची दिशा ठरवून ते घडवतात. आतून थर कापला की धागे अर्धवट तुटतात आणि ती नळी कुठून फुटेल ते सांगता येत नाही. शिवाय पातळ नळी चकमध्ये आवळली की किंचित चेपते, मग बार एका बाजूला जास्त खातो. एक बाजू जाड, एक पातळ.

आणि ती भुकटी झटकत बसू नका. कार्बनची भुकटी अंगाला खाजते, छातीत गेली तर वाईट. पोरींच्या हातात देऊ नका ती बॅट.

---

आऊटफिल्डर_९ · रविवार, रात्री १०.४१

सर, कोरणं चूकच आहे, त्यावर वाद नाही. पण सरसकट सगळ्या फेरफारांना एका माळेत ओवू नका अशी विनंती. मी विद्यापीठाकडून खेळलो आहे. कंपोझिट बॅट नवी असताना कडक असते. दीड-दोनशे फटके मारायचे, दर फटक्याला बॅट थोडी फिरवायची, मग ती खुलते. काही जण तेच काम रोलरमधून काढून करतात, दोन रोलरांमध्ये दाबून. उसाच्या चरकासारखं म्हणा, फक्त दाब मोजून. आत काही घालत नाहीत, काही काढत नाहीत. दोनशे फटक्यांनी जे होणार ते अर्ध्या तासात होतं. क्रिकेटची बॅट आपण जवसाचं तेल लावून मॅलेटने ठोकतोच ना? मग रोलिंग बेकायदा का?

---

भौतिक_धुळे · रविवार, रात्री ११.३०

मी धुळ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, सॉफ्टबॉल शाळेत असताना खेळले आहे. सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. पण हा फरक नेमका कुठून येतो ते समजून घ्या, म्हणजे ९ नंबरांच्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल.

चेंडू आणि बॅट एकमेकांना साधारण एक सहस्रांश सेकंद भेटतात. तेवढ्यात चेंडू चेपतो आणि परत फुगतो. सॉफ्टबॉलच्या पोटात पॉलियुरेथेन असतं. ते चेपलं की बरीचशी ऊर्जा आतल्या आत उष्णता होऊन वाया जाते. भरीव लाकडी बॅट चेपत नाही, म्हणून सगळं चेपणं चेंडूच्या वाट्याला येतं आणि तेवढं नुकसान होतं. पोकळ बॅटची भिंत मात्र आत दबते आणि स्प्रिंगसारखी परत येते. भिंत जेवढं दबणं आपल्याकडे घेईल तेवढा चेंडू कमी चेपतो, तेवढी ऊर्जा वाचते. अंगणातल्या फरशीवर चेंडू टाका आणि ताणून विणलेल्या बाजेवर टाका, तसं हे. याला ट्रॅम्पोलिन परिणाम म्हणतात. भिंत पातळ म्हणजे बाज जास्त लवचिक.

म्हणून लाकडी बॅट पोखरणं आणि कंपोझिट बॅट कोरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००३ च्या जूनमध्ये बेसबॉलचा मोठा फटकेबाज सॅमी सोसा याची बॅट मैदानात तुटली आणि आत बूच भरलेलं निघालं. त्याच्यावर सामनेबंदी झाली. पुढे ॲलन नेथन, लॉइड स्मिथ वगैरे संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजून २०११ मध्ये लिहिलं की बूच भरल्याने चेंडू लांब जात नाही. लाकडाची भिंत तरीही जाडच राहते, स्प्रिंग होत नाही, उलट बॅट हलकी झाल्याने धक्का कमी बसतो. हलकेपणामुळे फार तर बॅट लवकर फिरवता येते. कंपोझिटचं तसं नाही. तिची सगळी ताकद भिंतीच्या लवचिकपणात आहे आणि कोरणारा नेमकं तिथेच हात घालतो.

सरांच्या बॅटच्या टोकाला गोंद भरलाय त्याचं कारणही यातच आहे. कोरल्याने टोकाकडचं वजन घटतं. ते परत भरलं की हलक्या बॅटचा तोटा भरून निघतो आणि स्प्रिंगचा फायदा शिल्लक राहतो.

आता रोलिंग. दाबल्यावर थरांमधलं रेझिन बारीक बारीक तडकतं, थर एकमेकांवर सैल होतात, भिंत जास्त दबू लागते. फटक्यांनीही हेच होतं, हे ९ नंबरांचं म्हणणं बरोबर. पण फटक्यांनी हळूहळू होतं आणि बॅट फुटायच्या आधीचे सगळ्यात 'गरम' दिवस थोडे असतात. रोलिंग करणारा ते दिवस हवे तेव्हा आणतो. अमेरिकेत कॉलेज बेसबॉलवाल्यांनी २००९ साली कंपोझिट बॅटींवर स्थगिती आणली ती याच कारणाने. नवी असताना चाचणीत बसणारी बॅट वापरून वापरून, किंवा रोलरमधून काढून, मर्यादेच्या पुढे जाते असं दिसलं. त्यानंतर बॅट आधी दाबून सैल करायची आणि मग मोजायची, अशी चाचणी आली. क्रिकेटची बॅट ठोकण्याने लाकडाचा पृष्ठभाग घट्ट होतो, तिला तडा जाऊ नये म्हणून ठोकतात. कंपोझिटचे थर सैल करणं हे त्याच्या उलट काम आहे.

अवांतर: आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा चेंडूच मऊ पडतो आणि कुठल्याही बॅटवरून कमी उडतो. उन्हाळी शिबिरात कुणी म्हणालं की कोरलेल्या बॅटने काही फरक पडत नाही, तर त्यावर जाऊ नका. डिसेंबरच्या कडक चेंडूवर तीच बॅट वेगळी वागते.

---

बापू_पाचोरा · सोमवार, सकाळी ६.१५

क्रिकेटवाला आहे, सॉफ्टबॉल फक्त नातीमुळे पाहतो. पण हा वाद आमच्याकडे जुना आहे. १९७९ च्या डिसेंबरात पर्थला ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता. इंग्लंडच्या कर्णधाराने चेंडू बिघडतो म्हणून तक्रार केली, लिलीने बॅट भिरकावली. मग नियमात लिहिलं गेलं की पातं लाकडाचंच हवं. पाँटिंगच्या बॅटच्या पाठीवर ग्राफाइटची पट्टी होती, तीही २००६ मध्ये काढायला लावली. २०१७ पासून तर कड ४० मिलिमीटरच्या आत आणि जाडी ६७ च्या आत, पंच गेज घालून बघतात. लिली असो की पाँटिंग, नियम सगळ्यांना सारखा लागला.

सर, तुम्ही सांगी टाका. पोरीसले बी कळू द्या. लपवलं तर ते तुम्हालेच खात राहील.

---

पंच_पांढरी_टोपी · सोमवार, दुपारी १.०५

मी नाशिक विभागात पंच म्हणून काम करतो. नियम काय म्हणतो ते सांगतो, कारण इथे 'बेकायदा' आणि 'फेरफार केलेली' हे दोन शब्द लोक एकच समजतात.

मापात न बसणारी बॅट, म्हणजे ३४ इंचांपेक्षा लांब, बॅरल, म्हणजे चेंडू लागतो तो फुगीर भाग, सव्वादोन इंचांपेक्षा जाड, ३८ औंसांपेक्षा जड, पोचे पडलेली, मान्यतेचा शिक्का नसलेली, ती बेकायदा. ती घेऊन बॅटर बॉक्समध्ये उभी राहिली तर बाद. फेरफार केलेली बॅट म्हणजे मुळात कायदेशीर होती आणि नंतर कुणीतरी तिची घडण बदलली. तिथे बॅटर बाद तर होतेच, सामन्यातूनही बाहेर जाते. आत काही भरलं तर फेरफार. ग्रिपवर दोनपेक्षा जास्त थर टेप गुंडाळली तर फेरफार. धातूच्या बॅटच्या बॅरलच्या टोकावर नाव कोरून घेतलं तर तोही फेरफार, हे कितीतरी शिक्षकांना माहीत नसतं. मुठीच्या टोकाला कोरलं तर चालतं. ग्रिप बदलून दुसरी नियमातली ग्रिप लावली तर काही हरकत नाही.

९ नंबर, यातून रोलिंगही सुटत नाही. घडण बदलली की नाही एवढंच विचारायचं. किती वेळात बदलली ते कुणी विचारत नाही.

आता माझी अडचण. परदेशात मोठ्या स्पर्धांना बॅट दाबून बघायचं यंत्र असतं. किती जोर लावल्यावर भिंत किती दबते ते आकड्यात येतं. दबली जास्त की बॅट बाजूला. त्यात खेळाडूने काहीही केलेलं नसलं तरी वापरून सैल झालेली बॅटही बाजूला काढतात, हे मला फार योग्य वाटतं. आपल्याकडे तालुक्याला, जिल्ह्याला माझ्याकडे काय असतं? बॅरल घालून बघायची रिंग, डोळे आणि कान. मी टोपीच्या कडेला नख फिरवतो. गोंदाची ओघळ, खरवडल्याची खूण, टोपी थोडी तिरकी, असं काही दिसलं की बॅट बाजूला ठेवतो. कानाजवळ हलवून बघतो, आत काही खुळखुळतं का. एखादीचा आवाज तिच्याच जोडीच्या बॅटपेक्षा बसका येतो. एवढ्यावर मी मुलीला सामन्याबाहेर काढू शकत नाही, पण बॅट बाजूला ठेवू शकतो आणि ठेवतो. शिक्षक भांडतात. भांडू देत.

सर, तुमच्या अंतिम सामन्याचा निकाल आता नियमाने बदलेल असं मला वाटत नाही. आक्षेप त्या वेळी यायला हवा होता. तरी लेखी कळवा.

---

सातपुड्याची_लेक · सोमवार, संध्याकाळी ७.४०

मी धडगाव भागातली. आश्रमशाळेत शिकले, तिथेच सॉफ्टबॉल खेळायला लागले, विभागापर्यंत गेले. आता पोलीस भरतीची तयारी करते आहे.

सगळे अन्याय्य फायद्याबद्दल बोलताय म्हणून सांगते. आमच्याकडे ११ जणींत ३ ग्लोव्ह होते. बाकीच्या दुसऱ्या संघाकडून मागून घ्यायच्या, डाव बदलला की परत द्यायच्या. बॅट एकच, ॲल्युमिनियमची, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. समोरच्या शहरी संघाकडे प्रत्येकीची आपली बॅग, आपली बॅट. शिक्का असलेली, नियमातली. तो फायदा कुठल्या यंत्रात मोजणार?

सरांना दोष देत नाहीये. नऊ हजार वर्गणीत वापरलेलीच बॅट मिळणार. आणि वापरलेल्या बॅटमध्ये काय करून ठेवलंय ते गरिबाच्याच माथी येतं. कोरणाऱ्याने तिचे चांगले दिवस वापरून घेतले आणि फुटायला आल्यावर तुम्हाला विकली.

खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. आमच्यासारख्यांना त्या कागदावर पुढचं आयुष्य दिसतं. म्हणून हरलेल्या संघातल्या मुलींचा विचार करा एवढंच म्हणते. त्या जिंकल्या असत्या तर विभागाला त्या गेल्या असत्या.

---

आऊटफिल्डर_९ · सोमवार, रात्री ८.१०

ताई, हे वाचून गप्प झालो. माझ्याकडे दोन जुने ग्लोव्ह आणि एक ॲल्युमिनियमची बॅट पडून आहे, कुठे पाठवायची ते कळवा.

पंचसाहेब, रोलिंगबद्दल तुमचं म्हणणं मान्य. आमच्या काळात एक जण सगळ्यांच्या बॅटी रोल करून आणायचा आणि आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. बॅट लवकर फुटायची तेव्हा कंपनीला नावं ठेवायचो.

---

अमळनेरची_आई · सोमवार, रात्री ९.३०

माझी मुलगी पिचर आहे, आठवीत. मला कुणी आकड्यात सांगेल का की यात धोका किती वाढतो? सर म्हणतात मनगटावर निभावलं. माझ्या पोटात गोळा आला ते वाचून.

---

भौतिक_धुळे · सोमवार, रात्री १०.१५

ताई, घाबरवण्यासाठी नाही, विचारलंत म्हणून हिशेब मांडते.

मुलींच्या खेळात पिचिंगची पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभी असते तिथून, ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटर. चेंडू सोडताना पिचरचा पाय पुढे पडतो, तेव्हा तिच्या आणि बॅटच्या मध्ये १२ मीटर धरा. अमेरिकेतल्या एका मोठ्या सॉफ्टबॉल संघटनेने २००४ च्या बॅट नियमात प्रयोगशाळेतल्या फटक्याची मर्यादा ताशी ९८ मैल ठेवली होती, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्या वेगाने चेंडू १२ मीटर यायला साधारण ०.२७ सेकंद लागतात. बॅटमुळे वेग एक दशांशाने वाढला असं धरलं तर ०.२५ सेकंद. डोळ्याला दिसून हात हलायलाच माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे मुलीच्या हाती मुळात ०.०७ सेकंद होते, त्यातले ०.०२ गेले. उरलेल्या वेळेचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

आठवीतल्या मुली ताशी १५८ ने मारत नाहीत, त्यामुळे वेळ याहून जास्त मिळतो. पण शाळकरी पिचर चेंडू सोडल्यावर अजून वाकलेली असते, ग्लोव्ह खाली असतो. मुलीला फेसमास्क घेऊन द्या. परदेशात पिचर आणि थर्ड बेसच्या मुली सर्रास घालतात. आपल्याकडे 'घाबरट दिसतं' म्हणून घालत नाहीत. मी माझ्या शाळेत घालायला लावते, पहिल्या आठवड्यात कुरकुर होते, मग विसरतात.

---

अमळनेरची_आई · सोमवार, रात्री १०.२२

घेते. उद्याच.

---

लेथवाला_एमआयडीसी · गुरुवार, संध्याकाळी ६.५०

सरांनी काल बॅट माझ्याकडे आणली होती. त्यांच्या परवानगीने लिहितो. बॅरल मध्यावर आडवं कापलं आणि एक कडं काढलं. पाणी सोडत कापलं, भुकटी उडू नये म्हणून. कड्याची भिंत व्हर्निअरने चार ठिकाणी मोजली. सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक. नळीवर बार एका बाजूला चढलाय हे उघड आहे. पातळ बाजूला आतून बोटभर लांबीची चीर होती, बाहेर रंगाखाली काहीच दिसत नव्हतं. अजून दहा-वीस फटक्यांत बॅरल फुटलं असतं आणि तुकडा कुणाच्या अंगावर गेला असता ते देव जाणे.

ज्याने हे काम केलं त्याला काम येत नव्हतं, आणि येत असतं तरी करायला नको होतं. कडं सरांना दिलंय. मुलींना दाखवा म्हटलं.

---

चुन्याची_रेघ · शनिवार, रात्री ९.०५

सगळ्यांचे आभार. प्रत्येक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला. काय काय केलं ते सांगतो.

पिचरच्या घरी गेलो. तिच्या वडिलांचं केळीचं शेत आहे, घड कापणीची गडबड चालू होती, बांधावरच बोललो. कडं हातात देऊन सांगितलं की 'खेळात होतं' असं मी म्हणालो होतो ते पूर्ण खरं नव्हतं. त्यांनी कड्याच्या आत बोट फिरवलं. म्हणाले, "सर, तुम्हाला माहीत नव्हतं ना?" मी म्हणालो, नव्हतं, पण एवढा चेंडू उडतोय तर मी आत बघायला हवं होतं. ते म्हणाले प्लास्टर निघालं की पोरगी परत येईल. मास्कचं मी सांगितलं.

शुक्रवारी मुलींना वर्गात बसवून सगळं सांगितलं. कडं एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग जिने तो होमरन मारला होता तिने विचारलं, "सर, मग तो माझा होमरन नव्हता का?"

मला उत्तर देता आलं नाही. भौतिक ताई, तुम्ही काय सांगाल तिला?

---

भौतिक_धुळे · शनिवार, रात्री ९.४८

सर, तिला सांगा की चेंडू ओळखणं, योग्य वेळी बॅट आणणं आणि चेंडूच्या मध्यावर बॅट लावणं यातलं काहीही कुठलीच बॅट करून देत नाही. ते तिचंच होतं. बॅटने दिला असेल तो शेवटचा थोडा वेग आणि त्यातून आलेले शेवटचे काही मीटर. त्या काही मीटरने निकाल बदलला की नाही ते फक्त त्या दिवशी मैदानात असलेल्यालाच सांगता येईल. चेंडू कुठे पडला? लेफ्ट फील्डर किती मागे होती?

---

चुन्याची_रेघ · शनिवार, रात्री १०.१२

मैदानाला कुंपण नव्हतं, पळून काढलेला होमरन होता तो. लेफ्ट फील्डर पाठमोरी धावत होती. चांगली धावली पोर, शेवटी तिने उडी मारली. चेंडू तिच्या ग्लोव्हच्या टोकाला लागून मागे गेला. मी थर्ड बेसच्या कोचिंग बॉक्समध्ये उभा होतो, लागल्याचा आवाजही मला ऐकू आला होता.

त्यांच्या सरांना आज फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मग एवढंच म्हणाले, "लेफ्ट फील्डला होती ती पोर महिनाभर रडत होती, माझ्या हातून सुटला म्हणून." सोमवारी त्यांच्या शाळेत जातोय. जिल्ह्याला द्यायच्या पत्राची एक प्रत आणि कडं घेऊन. होमरन मारलेली मुलगी म्हणते मीही येते सर, तिला मला सांगायचंय.